बकुळला साडेपाच गुण

मंगला गौरी, काशी
पौष वद्य तृतीया

तीर्थरूप गंगाताईस धाकट्या ढुंढिराजचा साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे आता बरे असावेत. माझे इथल्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्या उतरताना कुरकुरतात आणि चढताना उघड भांडतात, पण त्यांचं ऐकतो कोण? ऐकण्यावरून आठवलं. शेजारच्या वासुदेवभटजींची बकुळ (तीच, जी पाचवीत माझ्यापुढे कविता म्हणताना फ्रॉकचं टोक चावायची) विद्यापीठात शिक्षक आणि समुपदेशक घडवणारा अभ्यासक्रम करते आहे. समुपदेशक म्हणजे लोकांची दुःखं ऐकून घेणारा. पास व्हायचं तर नात्याबाहेरच्या एका माणसाचं दुःख सहा बैठकांत ऐकायचं, सल्ला अजिबात द्यायचा नाही, आणि शेवटी त्या माणसाने फॉर्मवर तिला गुण द्यायचे. काशीत सल्ला न देणारं माणूस! मी हरखूनच गेलो आणि नाव नोंदवलं.

अडचण एवढीच की मला दुःखच नव्हतं. शेवटी हल्लीची मुलं कविता पाठ करत नाहीत, हे दुःख दाखल केलं आणि पुरावा म्हणून सहाही बैठकांत कविता म्हटल्या. तिसऱ्या बैठकीत मोराच्या कवितेत चौथ्या ओळीशी अडलो. ती ओळ बकुळला पाठ (मीच करून घेतलेली), पण सांगितली तर सल्ला होईल म्हणून पोरगी ओठ आवळून बसली. "ओळ आठवत नाही याचा तुम्हाला त्रास होतोय, मास्तरआजोबा," एवढंच म्हणाली. दोन दिवस मी संकठा घाटावर मोरासारखा मान वळवत फिरलो. तिसऱ्या दिवशी नावेत ओळ सापडली, तेव्हा नावाड्यालाच मिठी मारली. ताई, निवृत्तीनंतर इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

म्हणून बकुळला मी भरभरून गुण दिले. दहापैकी साडेपाच. (चाळीस वर्षांच्या नोकरीत मी सहाच्या वर कधी गेलेलो नाही, हे तुला ठाऊक आहे.) पोर रडवेली झाली. पास व्हायला सात लागतात, आणि नापास झाली तर भटजी तिचं शिक्षण थांबवून स्थळं बघायला बसलेलेच आहेत. मी तडक विद्यापीठात गेलो. माझे साडेपाच म्हणजे इतरांचे साडेनऊ, हे प्रोफेसरांना तासभर उदाहरणांसह पटवलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मास्टर साहब, आपको बहुत अफ़सोस हो रहा है."

गुण काही बदलले नाहीत. माघी पौर्णिमेच्या आत दुसरा माणूस आणि नव्या सहा बैठका, एवढी सवलत मिळाली.

बाकी सर्व क्षेम.

तुझा
ढुंढिराज

ता. क. सूनबाई शरदिनी तुला वाक्य पुरं करू देत नाही, असं तू दर पत्रात लिहितेस. इथे सहा बैठका कोणी मध्ये बोलणार नाही. मिळेल त्या गाडीने निघ. गुण मात्र माझ्यासारखे देऊ नकोस.

आणखी ता. क. शरदिनीलाही आजच्याच टपालाने हेच लिहिलं आहे, कारण तुझ्याबद्दल तिचीही हीच तक्रार असते. बकुळला एकच माणूस हवं आहे. जी आधी पोचेल, तिचं ऐकून घेतलं जाईल.