घरात सगळी बरी आहेत

कापडे,
३ मार्च २०२५

चि. समीक्षा हिस,
अ. उ. आ.

महाडला खोली घेतल्यापासून तू वाळलीस, असं शेजारचा विपुल सांगत होता. इथे असताना माझ्या आमटीला नावं ठेवायचीस, आता खा खानावळीचं पाणचट वरण!

पत्र लिहिते, कारण घरात फोन राहिलेला नाही. तुझ्या दादांनी तो विहिरीत टाकला. त्यातून लोक आपलं बोलणं ऐकतात म्हणे. दिवाळीपासून ते शेतावर गेलेले नाहीत, दिवसभर माळ्यावर बसून असतात. जेवणात कोणी विष घालतं या भीतीने ताटाला हात लावत नाहीत. मग आपली ईश्वरी पहिला घास स्वतः खाऊन दाखवते, तेव्हा ते जेवतात. नऊ वर्षांची पोर गं ती. शाळेत आता कोणाशी बोलत नाही.

दवाखान्यात न्यायचं तर ते गाडीत बसत नाहीत. तुमच्या संस्थेच्या बायका घरी येऊन आजारी माणसाशी बोलतात, मुलांशीही बोलतात, पुढे डॉक्टरांनाही घेऊन येतात, हे तूच सांगितलं होतंस. त्यातली एक इकडे पाठव. मी थकले आहे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी वहिनी,
निशिगंधा


महाड,
७ मार्च २०२५

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून रडू आवरेना. दादा इतका बिघडलाय हे मला कोणी कळवलंच नाही.

माणूस दवाखान्यात येत नसेल तर उपचार त्याच्या दारात न्यायचे आणि त्याने किती फरक पडतो ते पाहायचं, असं आमचं संशोधन आहे. त्यासाठी आधी घरात कोणी असं आजारी आहे का ते घरोघर विचारून गावं निवडली. विचारायला आलेल्या मुलीला आईने चहा पाजला आणि सांगितलं, की आमच्याकडे सगळी बरी हायत. आईच कशाला, सगळ्या कापड्याने तेच सांगितलं. घरोघरी कोणाचं ना कोणाचं लग्न ठरायचं आहे ना! आमच्या लेखी कापडे तालुक्यातलं सर्वांत निरोगी गाव आहे. म्हणून आमच्या बायका गेल्या शिवथरला.

संस्थेच्या प्रमुख प्रमोदिनी मॅडमच्या मागे लागले. आमच्या बायकांतल्या सोनाबाईंना एकदा पाठवायला त्या तयार झाल्या आहेत. मंगळवारी येतील. पण घरचे नको म्हणाले तर त्या उंबरा ओलांडत नाहीत, तसा नियमच आहे. आईला कसंही करून तयार करा.

ईश्वरीला पापा. आठवण ठेवा, रागावत राहा.
तुमची,
समीक्षा


कापडे,
१६ मार्च २०२५

चि. समीक्षा हिस,
अ. उ. आ.

सोनाबाई आल्या आणि अंगणातूनच परत गेल्या. आमचा हर्षद मुंबईला कामाला गेलाय, असं आईंनी त्यांना तोंड भरून सांगितलं. मी बोलायला पुढे झाले, तर आईंनी वाकून माझ्या पायांना हात लावला. सासूने! पाडव्याला समीक्षाची सुपारी फुटून लग्न ठरू दे, मग काय करायचं ते कर, असं म्हणाल्या. मी तशीच आत निघून गेले.

शिमग्याची पालखी दारात आली, तेव्हा ढोल ऐकून तुझे दादा माळ्यावर भिंतीला डोकं आपटत होते. खाली आई ओटी भरत होत्या आणि मुंबईकरांना हसून पाणी देत होत्या. मला वाटलं, आता मलाच वेड लागेल.

काहीतरी कर गं. पाडव्यापर्यंत हा माणूस टिकत नाही.
तुझीच,
निशिगंधा


महाड,
१९ मार्च २०२५

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

आज पोलादपूरला रावजींकडे जाऊन आले. ज्या घरी सून म्हणून जायचं, त्या घरी बसून दादाचं सगळं सांगितलं. दीपक खाली मान घालून बसला होता. रावजींनी मला लाडू दिला आणि विचार करून कळवतो म्हणाले. म्हणजे नकारच. मला दीपक आवडला होता, वहिनी, ते तुम्हाला म्हणून लिहिते.

आता आईला लपवण्यासारखं काही उरलं नाही. सोनाबाई सोमवारी पुन्हा येतील.

धीर सोडू नका, मला सोडू नका.
समीक्षा


कापडे,
२६ मार्च २०२५

चि. समीक्षा हिस,
अ. उ. आ.

विपुलने फोनवर तुला कळवलंच आहे, तरी लिहिते. रविवारी रावजींचा माणूस नकार घेऊन आला. आई कपाळ बडवून रडल्या, की पोराच्या येडापायी पोरीचं लगीन मोडलं. वर सगळं ऐकू जातं. संध्याकाळी मी ताट घेऊन गेले, तर तुझे दादा नव्हते.

तुझ्यावर राग नाही, असं लिहायला बसले होते. पण राग आहे. आणि तुझ्याशिवाय मला कोणी नाही, हेही खरं.

पोलिसांत कळवलं आहे. पोरं सावित्रीच्या काठाने शोधताहेत. सोमवारी सोनाबाई आल्या, त्या ईश्वरीजवळ बसून राहिल्या. बाबा बरे होतात का, असं तिने विचारलं. औषध मिळालं की पुष्कळ माणसं बरी होतात, असं त्यांनी सांगितलं.

अनोळखी माणूस दिसला की लोक चोर समजून मारतात. म्हणून आई अनवाणी गावोगाव फिरतात आणि प्रत्येक अंगणात उभं राहून ओरडून सांगतात, की माझा हर्षद दिसला तर त्याला मारू नका, तो आजारी हाय, घाबरलेला हाय. काल आपल्याच गावात रामजींच्या अंगणात हे ऐकून त्यांची बायको आईंना हाताला धरून आत घेऊन गेली आणि मागच्या खोलीत कोंडलेली आपली लेक दाखवली. आज आणखी दोन घरांनी सोनाबाईंना बोलावलं आहे.

मॅडमनी कापडे गाव संशोधनात घेतलं. सोनाबाई आता दर आठवड्याला येणार. ज्याच्यासाठी त्यांना मागितलं, तोच माणूस घरात नाही.

मिळेल त्या गाडीने ये. माझ्या रागावर जाऊ नकोस, माया असू दे.
तुझी,
निशिगंधा