बाराकुडाजचा खरा इतिहास, बेंटसिल वगळून

५ फेब्रुवारी, सकाळी ७
आजपासून बाराकुडाज फुटबॉल क्लबचा इतिहास. क्लबला पंच्याहत्तर वर्षं होताहेत, ६ मार्चला पुस्तक निघणार. अध्यक्षा आंटी अराबा यांनी काम माझ्यावर सोपवलं, कारण अख्ख्या साल्टपॉन्ड गावात शुद्ध लिहिणारा दुसरा नाही. (त्यांचे शब्द: मास्तर, तुम्ही रिकामेच असता. अर्थ तोच.) रोज दहा पानं, एकूण तीनशे. सत्तरच्या दशकात सचिव मी होतो, तेव्हा तो भाग मोठा होणारच. गोलकीपर बेंटसिलचं नाव कुठेही येणार नाही.

६ फेब्रुवारी
शून्य पानं. उत्तरेकडून धुळीचा वारा. अशा हवेत इतिहास लिहिता येत नाही.

१० फेब्रुवारी
एक पान. १९४९: होड्या बांधणाऱ्या पाच सुतारांनी क्लब काढला. मैदान म्हणजे किनारा. भरती आली की हाफटाइम. १९६३: पहिली लीग जिंकली. मजकूर उत्तम झालाय. उद्यापासून वीस पानं.

१३ फेब्रुवारी
लोकांच्या आठवणी गोळा करायला गेलो. चूक झाली. न्हावी एकोव पाऊण तास बेंटसिलवर बोलला. मक्याची केंकी आणि मासे विकणारी म्हणे, बेंटसिल म्हणजे भिंत. मी विचारलं, त्या काळचा सचिव आठवतो का? ती म्हणाली, मासा तळलेला हवा की भाजलेला?

१४ फेब्रुवारी
हे लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या पिढ्यांना कळेल. १९७९ ची प्रादेशिक कपाची फायनल आपण केप कोस्टमध्ये १-० अशी जिंकली. क्लबचा सर्वांत मोठा दिवस. त्या मॅचमध्ये बेंटसिल खेळलाच नाही! त्याच्यावर एका मॅचची बंदी होती. बेशिस्त, दुसरं काय. गोलमध्ये बँकेतला एक कारकून उभा होता. तरी लोकांनी खांद्यावर घेऊन नाचवलं कुणाला? बेंचवर बसलेल्या बेंटसिलला. मला परतीच्या बसमध्ये जागासुद्धा ठेवली नव्हती. पंचेचाळीस वर्षं झाली. मी मनात काही ठेवत नाही.

१९ फेब्रुवारी
आंटी अराबांकडे क्लबची जुनी पेटी आहे. बंदीचा कागद त्यात मिळेल. तो पुस्तकात पूर्ण पानभर छापणार. बेंटसिल संपला.

२१ फेब्रुवारी, दुपारी
पेटी उघडली.
तीन कागद. पहिला, एका बंद पाकिटात; फोडलं तर फायनलच्या खेळाडूंची यादी, अक्षर माझं. हे मी फुटबॉल कचेरीत नेऊन द्यायचं होतं. दिलं होतं असं मला स्वच्छ आठवतं. दुसरा, कचेरीचं तेव्हाच्या अध्यक्षांना पत्र: यादी मुदतीत आली नाही, संघ बाद. तिसरा, चार दिवसांनंतरचा: गोलकीपर बेंटसिल यांनी समक्ष येऊन यादी आपल्याकडून हरवल्याचं कबूल केलं आहे. सबब संघास परवानगी, बेंटसिल यांना फायनलपुरती बंदी.
पेटीत दमटपणा फार. कागद खराब झालेत. खात्रीलायक म्हणता येणार नाहीत.

२२ फेब्रुवारी
जेवलो नाही. बांकू नीट शिजलं नव्हतं.

२४ फेब्रुवारी
बेंटसिलकडे गेलो. अंगणात जाळं विणत होता. गुडघे गेलेत त्याचे. मी कागद पुढे धरले आणि स्पष्टीकरण मागितलं. त्याने चष्मा शोधला, वाचले, परत दिले. म्हणाला, "संघ बाद राहिला असता तर लोकांनी तुला समुद्रात फेकलं असतं, आर्कोर्फुल. आणि तुला पोहता येत नाही."
मी म्हटलं, "तू मला सांगायला हवं होतंस."
"तू विचारलंस कधी? पंचेचाळीस वर्षं माझ्याशी बोलला नाहीस."
मला पोहता येतं, असं मी ठणकावून सांगितलं. (येत नाही.) त्याने बसायला स्टूल दिलं. बसलो नाही. थोडा वेळ बसलो.

२७ फेब्रुवारी
निर्णय झाला. सगळं लिहिणार, स्वतःला न वाचवता. असा कबुलीजबाब या किनाऱ्यावर आजवर कुणी दिला नसेल. गाव हादरेल. दगड पडतील, बायका रडतील, बेंटसिलचा पुतळा उभारतील. शेजारी कदाचित माझाही, लहानसा.

३ मार्च
चार पानं. आयुष्यातलं सर्वांत चांगलं लेखन. वाचताना स्वतःलाच भरून आलं. उद्या देतो. बॅग भरून ठेवली आहे, गाव सोडावं लागलं तर बहिणीकडे.

४ मार्च
आंटी अराबा बाजारात मासे निवडत होत्या. पानं दिली, आणि बाजूला उभा राहिलो, वार झेलायला. त्यांनी हात पुसून पहिलं पान वाचलं, दुसरं अर्धं वाचलं, आणि परत दिली.
"मास्तर, हे सगळ्यांना माहीत आहे."
मी विचारलं, सगळ्यांना म्हणजे कोणाला?
"सगळ्यांना. मी तेव्हा दहा वर्षांची होते, मलाही माहीत होतं. बेंटसिलने सांगितलं होतं की तुमच्यासमोर कुणी विषय काढायचा नाही. तुम्हाला लागेल म्हणून."
शेजारच्या मासेवालीने मान हलवली. तिला मी ओळखतसुद्धा नाही.
मग आंटी म्हणाल्या, चार पानं फार होतात, तिथे टीमचा फोटो टाकू. आणि वाटेतून जरा सरका, गिऱ्हाईक आलंय.
सरकलो.