आकडसासूचा बंदोबस्त

४ ऑगस्ट
आज सकाळी सहाला, जप आटोपून, परसात खड्डा खणला आणि खांब रोवला. त्यावर दाणाघर. दुकानात याला बर्ड फीडर म्हणतात. मी घरच्या फळीचं केलं. हिला उशीवरून मान न वळवता दिसेल, असा बेत. डॉक्टरांनी हिला घरी न्यायला सांगितलं, म्हणजे सुधारणा आहे. पथ्यही उठवलं, काय हवं ते खाऊ द्या म्हणाले. चांगलं लक्षण. पाखरं बघून मन रमलं की महिन्याभरात उठून बसेल.

५ ऑगस्ट
चिमण्या सहा, बुलबुल दोन. ही हसली.
खार एक. अर्धे शेंगदाणे एकटीने फस्त केले. उद्यापासून बंदोबस्त.

६ ऑगस्ट
खांबाला ग्रीस फासलं. सव्वीस वर्षं वर्कशॉपात फिटर आहे. वीतभर खारीपुढे हात टेकणार नाही. ही आतून म्हणाली, अहो, राहू द्या की. लहानपणापासून मी तिला खारूताई म्हणते. माझी ताई म्हणजे तुमची कोण? आकडसासू. आकडसासूला कुणी दारातून हाकलतं का?
मी म्हटलं, खरी आकडसासू असती तरी इतके शेंगदाणे खाऊ दिले नसते.
ही खूप हसली. मग बराच वेळ खोकली.

७ ऑगस्ट
ग्रीस उत्तम बसलं आहे. खांबाला, दाराच्या कडीला आणि माझ्या दोन शर्टांना. आकडसासू कुंपणावरून उडी मारून आल्या.

८ ऑगस्ट
वारा, पाऊस. दाणे भिजले. ही म्हणाली, जरा आत येऊन बसा ना माझ्यापाशी. म्हटलं, एवढं छप्पर झालं की बसतोच. रविवारी नक्की.

९ ऑगस्ट, पहाटे
जप करताना डोळा परसाकडे. देवाच्या नावाऐवजी तोंडातून हाड हाड निघालं. माळ पुन्हा पहिल्या मण्यापासून. देव समजून घेईल. बंदोबस्ताची कामं त्याच्याही मागे असतात.

११ ऑगस्ट, रविवार
साहेबांना विचारून भंगारातला पत्रा आणला होता, तो आज ठोकला. पाऊस खिडकीच्याच अंगाने झोडपतो, म्हणून त्या बाजूला हातभर खाली उतरवला. कुंपणाकडच्या बाजूलाही. पाखरांना मागून वाट ठेवली आहे. शहाणी असतील तर शोधतील.
बसायचं राहिलं. दिवस पत्र्यात गेला.

१३ ऑगस्ट
मी दिवसभर कामावर, म्हणून मोजणी हिच्याकडे सोपवली. संध्याकाळी दारातूनच विचारलं, किती? म्हणाली, बुलबुल तीन. खार नाही. पत्रा यशस्वी.

१४ ऑगस्ट
हिच्या सांगण्यावरून: पोपट एक, चिमण्या भरपूर. दाणे कमी होत नाहीत, म्हणजे नासाडी थांबली.

१६ ऑगस्ट
आज एक निळा पक्षी आला होता म्हणे. लाल टोपी, हातभर शेपूट. वर्कशॉपात कुणाकडेही असा येत नाही. वेल्डर म्हणाला, दादा, असा पक्षीच नसतो. त्याला काय कळणार? जन्मभर डोळ्यांवर काळी काच.

१७ ऑगस्ट
हिचा आवाज बारीक झाला आहे. विश्रांती मिळते आहे. जेवण दोन चमचे. हिच्यापाशी असणाऱ्या नर्सबाई म्हणाल्या, रजा घ्या आता. म्हटलं, उद्या जाळी बसवली की काम संपलं, सोमवारपासून घेतो.
मोजणी: निळ्याची जोडी झाली. मी विचारलं, काय करतात? ही म्हणाली, काही नाही हो. दोघं शेजारी शेजारी बसतात नुसते.

१८ ऑगस्ट, रविवार
जाळी बसवत होतो. नर्सबाईंनी हाक मारली.

२ सप्टेंबर
पंधरा दिवस काही लिहिलं नाही.
आज हिची गादी उन्हात टाकायला गेलो. उचलण्याआधी जरा आडवा झालो, तिच्या उशीवर. खिडकीतून पत्रा दिसतो. डावीकडे कलंडून पाहिलं. पत्रा. दाणाघर दिसत नाही. अकरा तारखेपासून तिला तिथे एकही पाखरू दिसलेलं नाही.
बाहेर जाऊन पाहिलं. दाणे काठोकाठ, वर बुरशी. मागच्या वाटेने कुणी आलंच नव्हतं.
मग ही वही उघडली. बुलबुल तीन. पोपट एक. निळा, लाल टोपीचा. नीट अक्षरात, तारीखवार. मी दारात, हातोडी हातात, आणि ही आतून सांगायची. रोज संध्याकाळी दाणा ती टाकत होती, आणि मी टिपत होतो.

३ सप्टेंबर, सकाळ
रजा टाकली. जाळी काढली, पत्रा काढला. रॉकेलच्या चिंधीने खांब खालपासून वरपर्यंत पुसला. ताजे शेंगदाणे घातले. जपात आज काही मागितलं नाही.
आठच्या सुमारास आकडसासूबाई आल्या. सरळ खांबावरून, हक्काने. हाकललं नाही.
आत गेलो, खुर्ची तिच्या पलंगाशी ओढली आणि बसलो.