काटा थांबलाच नाही, मामा

तीर्थस्वरूप मामांना भाच्याचा दंडवत. मी इकडे धडधाकट आहे, निदान नोकरीचा निकाल लागेपर्यंत तरी तसंच समजा. मामीचा गुडघा आता जिना चढू देतो का? तुम्ही निवृत्त होऊन दिवसभर घरी बसल्यापासून तिला दुसरंही एक दुखणं लागलं असणार, पण ते तुम्हीच, म्हणून त्याची चौकशी करत नाही. आईला मी बरा आहे एवढंच सांगा. तिला एक सांगितलं की ती तीन विचारते.

पत्राला कारण आहे, पण ते मागाहून. आधी काय घडलं ते ऐका. इथे अणुभट्टीत मी ठेकेदाराचा माणूस. केबल ओढायच्या, कागदाची रिळं वाहायची, साहेबांच्या मागून पेटी घेऊन चालायचं. दोन वर्षांत चार नोकऱ्या सोडल्या म्हणून तुम्ही मला भिंगरी म्हणायचात. इथे सात महिने टिकलो (मलाही खरं वाटत नाही). तर भट्टीत लांबलचक सळया असतात. आत सारल्या की भट्टी निवते, वर ओढल्या की पेटते. नवं इंधन भरलं की कुठली सळई भट्टीला किती दाबून धरते हे नव्यानं मोजावं लागतं, जुने आकडे चालत नाहीत. रीत अशी, की भट्टीच्या पाण्यात एक औषध असतं, तेही तिला दाबून धरतं. ते औषध हळूहळू पातळ करत जायचं. भट्टी डोकं वर काढते, यंत्रावरचा काटा चढायला लागतो. तो तांबड्या खुणेपाशी आला की सळई थोडी आत सारायची. काटा जेवढा खाली आला तेवढा सळईचा त्या टप्प्यातला जोर. मग पुन्हा चढतो, पुन्हा सारायची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एवढंच. (याला फार शिकावं लागतं म्हणे.)

हे मोजायचं यंत्र मागच्या खोलीत, सळया हलवणारा पॅनलवाला पुढच्या खोलीत, मध्ये फोन. मागे मोजणीसाहेब बसून आकडा सांगणार, पुढे पॅनलवाला सळई सारणार. त्या दिवशी चौथी सळई चालू होती, आणि दुपारी कॅन्टीनच्या जेवणानं मोजणीसाहेबांचं पोट बिघडलं. दोनदा पोटातली कळ दाबून बसले. तिसऱ्यांदा उठले, फोन माझ्या हातात कोंबला, म्हणाले, “आकडा वाचत राहा, आलोच मी.” आणि गेले ते असे गेले की पुढच्या सगळ्या गोष्टी त्यांच्या माघारीच झाल्या.

आता मला काटा वाचायला कोणी शिकवलं? तुम्ही. सुट्टीत तुमच्या नाक्यावरच्या वजनकाट्यावर मी तुमच्या स्टुलाला चिकटून बसायचो, ट्रक वर चढला की आकडा ओरडायचो, आणि तुम्ही टपली मारायचात. काटा थांबल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, चालता काटा वाचणारा एक तर लबाड नाहीतर गाढव. एकतीस वर्षांत तुमची एक पावती परत आली नाही, हेही त्याच टपलीबरोबर यायचं. तेव्हा मी काट्याकडे बघत गप्प उभा राहिलो. काटा चढत होता. म्हटलं थांबेल. मामा, पाणी एकसारखं पातळ होत होतं, तो काटा थांबणाराच नव्हता, आणि हे मला सात महिन्यांत कुणी सांगितलं नव्हतं. फोनवर पॅनलवाल्यानं विचारलं, “साहेब, किती?” मी अगदी तुमच्या आवाजात म्हणालो, “थांबा. अजून स्थिर नाही.” त्याला वाटलं साहेबच बोलले. त्यानं हात मागे घेतला. त्याच्यासमोरही काटे चढत होते, पण एवढ्या ठामपणे बोलणाऱ्याला कोण विचारतो? काटा तांबडी खूण ओलांडून गेला आणि सगळ्या सळया आपोआप धाडकन खाली आल्या. तशी भट्टीचीच सोय आहे, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. फक्त घंटा वाजल्या, दिवसभराची मोजणी पाण्यात गेली, आणि मोजणीसाहेब एका हातानं पट्टा धरून धावत आले.

मग तीन दिवस चौकशी. चौकशीबाईंना कारण हवं होतं. मोजणीसाहेबांचं पोट नियमात बसत नव्हतं. पॅनलवाल्यानं फोनचं ऐकलं, त्याची चूक नाही. मला धरावं, तर मला तिथे उभं कोणी केलं, की पुन्हा साहेब. सगळे अडले. शेवटी बाईंनी विचारलं की तू का थांबलास, आणि मी सरळपणे तुमची शिकवण सांगितली. मामा, तीन दिवसांत बाईंनी पहिल्यांदा मान वर केली. साहेबांनी मला स्वतः पाण्याचा ग्लास आणून दिला. अहवालात आता लिहिलंय, ‘मूळ कारण: बाहेरील व्यक्तीने दिलेले चुकीचे प्रशिक्षण.’ ती बाहेरील व्यक्ती तुम्ही. ही इमारत तुम्ही पाहिलेली नाही, आणि तिच्यातला सगळ्यात मोठा दोष तुम्ही आहात. इथे प्रत्येक सळईचा जोर केसाएवढाही चुकू देत नाहीत. मला काय येतं हे विचारलं ते मात्र एकदाच, आणि तेही तुमच्या नावावर लिहायला.

मामीला नमस्कार. तब्येतीला जपा.

तुमचा भाचा

ता.क. खरं काम राहिलंच. सोबत एक छापील कागद आहे. ‘मी माझ्या भाच्यास काटा वाचण्याची चुकीची पद्धत शिकवली’ असं वर आहे आणि खाली सहीची जागा. सही आली तर माझा गेटपास राहतो, नाही आली तर सोमवारी मी फाटकाबाहेर. इथून मला जायचं नाही, मामा. पहिल्यांदाच कुठून तरी जायचं नाही.

ता.क. दुसरा. वरचं वाचून रागावत बसू नका. हे पत्र खिशातच राहिलं आणि कागदाची मुदत कालच संपली, तेव्हा सही मीच करून दिली. सोबत आहे ती नक्कल. तुमच्या पावत्या इतक्या बघितल्यात की हुबेहूब आली. आणि बाईंनी ती न बघताच कागद फायलीत टाकला. खात्री करायला त्यांचा फोन येईल. एवढंच सांगा की हो, मीच शिकवलं. ‘चुकीचं’ हे त्यांनी लिहिलंय, ते तुम्ही तोंडानं म्हणू नका.