वही तुमच्याकडे तीन दिवस होती

सर, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. मी तुमचा विद्यार्थी दीडच वर्ष होतो, पॉलिटेक्निक अर्धवट सोडलं, त्यामुळे तुम्हाला लिहिण्याचा हक्क मला आहे की नाही हेही नक्की ठरत नाही. पण यंदा त्याच कॉलेजनं प्रोजेक्टसाठी दोन मुली माझ्याकडे पाठवल्या आहेत. मी चामोर्शीत लहान दुकानदारांना सॉफ्टवेअर करून देतो, तेवढंच. शिकवायला मी कोण?

तुमचा नियम मात्र मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितला. ज्याचं काम करायचं त्याच्याकडे आधी एक दिवस नुसतं बसायचं, कॉम्प्युटर उघडायचा नाही, डोळ्यांना दिसेल ते वहीत लिहायचं. मला तुम्ही बिछायतवाल्या चाचांकडे बसवलं होतं. लग्नाला स्वयंपाकाची मोठी भांडी म्हणजे गंज, दऱ्या, खुर्च्या भाड्यानं देणारं त्यांचं दुकान. मला लिहिताना पाहून चाचा हसले होते. "लिख बाबू, सब लिख. गंजाले पोचे किती हायेत तेही लिही." मी खरंच मोजून लिहिले. छत्तीस पानं झाली. तुम्ही ती वही वर्गात उंच धरलीत आणि म्हणालात, "असं बसाचं असते." त्या दिवशी आनंदानं मला जेवण गेलं नाही.

प्रोग्राम मी एकट्यानं लिहिला. दिलेला माल दुकानात परत येऊन त्याची नोंद होत नाही तोवर तो पुढच्याला देता येणार नाही, अशी स्क्रीन केली. काहीच चुकणार नाही असं मला वाटत होतं. मग लग्नसराईत गोंडपिपरीकडच्या एका गावाहून मुलीचे वडील ट्रॅक्टर घेऊन गंज न्यायला आले. चाचा बाहेर गेले होते, दुकानात त्यांचा मुलगा होता. स्क्रीनवर आलं, गंज शिल्लक नाहीत. त्यानं त्यांना रिकामं परत पाठवलं. गंज होते, सर. त्यांच्याच वाटेवरच्या एका गावात, आदल्या दिवशीच्या लग्नाच्या मांडवात पडलेले. लग्नसराईत चाचांचा माल दुकानात येतच नसे, एका मांडवातून परस्पर दुसऱ्या मांडवात जाई. त्या लग्नात दुपारचं जेवण संध्याकाळी झालं.

दुसऱ्या दिवशी आपण दुकानात उभे आहोत. मुलीचे वडील खुर्ची दिली तरी बसत नाहीत. "मशीनले विचारून लग्न लावाचं का आता? व्याह्यासमोर मान खाली गेली माही, चाचा." चाचा आपल्याकडे वळतात. "सर, किसने किया ये?" मी तोंड उघडतो, पण तुम्ही माझ्यापुढे येऊन हात जोडता. "चूक माही आहे, भाऊ. तपासाचं काम माहं होतं, मी नीट तपासलं नाई."

ती स्क्रीन मी तुम्हाला दाखवलीच नव्हती. बाहेर आल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "वही दे तुही." वही तुमच्याकडे तीन दिवस होती. चौथ्या दिवशी परत दिलीत, वर एक नवी कोरी वही ठेवून. त्यानंतर मी कॉलेजला आलो नाही. तुम्ही दोनदा निरोप पाठवलात, "त्याले म्हणा, चाचाकडचं काम बाकी आहे." मी गेलो नाही. मग तुम्ही गेल्याचीच बातमी आली.

तुम्ही मला वाचवलं, की ती शिक्षा होती? सर रागावले असते तर मी शिकलो असतो, असं मी लोकांना सांगतो. ते खरं आहे की सोयीचं, हे मला अजून कळत नाही. आणि कोरी वही कशासाठी होती? पुन्हा लिही म्हणून, की जुनी विसर म्हणून?

काल दोघींपैकी एक मुलगी दिवसभर राईस मिलमध्ये बसून आली. वहीतल्या एका ओळीवर तिनं बोट ठेवलं. "सर, मिलवाले भाऊ म्हाताऱ्या बायांचं धान नंबर सोडून आधी घेतात. हे टोकनच्या स्क्रीनमध्ये बसून नाई राह्यलं. खोडू का?"

"नको."

"मग कसं करू?"

"मले माहीत नाई."

ती हसली. "तुम्ही काय केलं होतं अशा टायमाले?"

मी चहा सांगितला.

काय केलं होतं ते सांगतो, सर. माझ्या वहीच्या एकोणिसाव्या पानावर ओळ आहे, 'माल एका लग्नातून परस्पर दुसऱ्या लग्नात जातो.' मी ते पाहिलं होतं, लिहिलंही होतं. तशी स्क्रीन काही केल्या जमेना, म्हणून मी ती ओळ पट्टी लावून खोडली. खालचे शब्द अजून स्वच्छ वाचता येतात. त्या तीन दिवसांत तुम्ही ते पान पाहिलंत का? पाहूनही निरोप पाठवलेत, की न पाहताच?

आज ती जुनी वही तिला दाखवायला माझ्या ऑफिसात नेली होती. ती दिवसभर समोर बसून काम करत होती. मी वही पिशवीतून काढली नाही. हे पत्र तुम्ही दिलेल्या कोऱ्या वहीत लिहितो आहे. नऊ वर्षांनी, पहिल्या पानावर.