भावनिक बधिरता: अर्थ आणि उदाहरण

आई, सध्या मी शब्दांचे अर्थ लिहिते आहे. गावोगाव फिरणाऱ्या आशा आरोग्यसेविकांसाठी मानसशास्त्रातल्या नेहमीच्या शब्दांची पुस्तिका निघते आहे आणि कॉलेजात मराठी शिकवते म्हणून ते काम माझ्याकडे आलं. दमन म्हणजे नको असलेली भावना नकळत मनाआड ढकलणं. विस्थापन म्हणजे एकाचा राग दुसऱ्यावर काढणं. मागच्या आठवड्यात देवळीला त्यांच्यातल्या चौघी-पाचजणींना मसुदा वाचून दाखवला. विस्थापनाला एक म्हणाली, "हे तं आमच्या घरी रोजचंच हाय, मॅडम. सोयाबीनचा भाव पडला का मालक ताट माह्यापुढं आपटते." सगळ्या हसल्या. मग मी पुढचा शब्द वाचला. भावनिक बधिरता: सुखदुःख जाणवण्याची क्षमता मंदावणे. तिनंच विचारलं, "म्हणजे दाताच्या डॉक्टरचं इंजेक्शन असते, तसं का?" मी म्हणाले, तसंच काहीसं. "मग घरातलं एखादं उदाहरण द्या ना. असं कोणाले समजन?" उद्या पुस्तिका छपाईला जाते. उदाहरणाची जागा कोरी आहे.

आपल्या घरात जेवताना चवीबद्दल बोलायचं नाही, असा नियम होता. बाबांनी तो तरुणपणी आश्रमातून आणला, चरख्याबरोबर. ताटात येईल ते औषधासारखं खायचं. संध्याकाळच्या प्रार्थनेत आपण रोज स्थितप्रज्ञाची लक्षणं म्हणायचो. मी नववीत असताना तुझं बोलणं कमी होत गेलं. ओलं लुगडं हातात धरून तू दोरीपाशी तशीच उभी राहायचीस. मामा गेल्याची बातमी आली तेव्हा तू ती ऐकलीस आणि कणीक मळायला घेतलीस. दिवाळीतही तोच चेहरा. बाबा पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे, "आम्ही नुसतं म्हणतो, हिनं साधलं." मलाही ते खरं वाटायचं. शाळेतल्या निबंधात मी तसं लिहिलं होतं आणि बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला होता.

मग ते वरण. पहिल्या घासाला कळतं की मीठ नाही. कालही नव्हतं. मी बाबांकडे बघते. ते खाली मान घालून एकसारखे जेवतात. मीही जेवते. तू नियम मोडून विचारतेस, "कसं झालं वरण?" बाबा मान वर करत नाहीत. मी म्हणते, "चांगलं झालं." त्यानंतर मोरीत भांडी घासताना तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "मीठ टाकलंच नाई मी. चार दिवस झाले. मले तं काही लागतच नाई आताशा, कशाचंच काही वाटत नाई. म्हटलं, तुम्हाले तरी लागते का पाहू."

तू मला सांगत होतीस. दुसऱ्या कोणाला सांगितलं असशील असं वाटत नाही. मी म्हणाले, "बाबांना सांगू नको, त्यांना वाईट वाटेल."

"नाई सांगत," तू म्हणालीस आणि परात उपडी ठेवलीस. दुसऱ्या दिवसापासून मीठ बरोबर पडू लागलं. तू मोजून टाकत असणार. पुढे अकरा वर्षं तू जगलीस, कामं केलीस, माझं लग्न केलंस. मी पुन्हा कधी विचारलं नाही. वर्ध्याला डॉक्टर होते. बस तासाभराची होती.

आज सकाळपासून उदाहरण लिहायला बसले. आधी तुझं लिहिलं, मग खोडलं. कोणाच्या लक्षात येतं का, याची तू निदान चार दिवस वाट पाहिली होतीस. म्हणून दुसरं लिहिलं: एका मुलीची आई वारली. मुलगी रडली नाही. आलेल्या सगळ्यांना तिनं चहा दिला. मावशी म्हणाली, बापावर गेली, मनाची पक्की आहे. मुलीला काहीच वाटत नव्हतं आणि मावशीचं म्हणणं तिनं तसंच राहू दिलं.

छपाईला तो कागद जाईल, तुला लिहिलेला हा इथेच राहील. त्या कागदावर मी मुलीचं वय लिहिलं आहे, गाव बदललं आहे, आणि शेवटी एक वाक्य जोडलं आहे की पुढे उपचारांनी तिला बरं वाटलं. ते वाक्य खोटं आहे, आई.