अंगदच्या गिटारीचा पिकअप

टेंभुर्णी, ता. जाफ्राबाद
१८ जानेवारी २०२५

ती. प्रेमला अक्कास,
अंगदचा सा. न. वि. वि.

इकडं सगळं खुशाल आहे, असं आधी लिहायची रीत असते. पण मी खुशाल न्हाई, म्हणून ते वाक्य सोडून देतो. मी फोन उचलत न्हाई म्हणून तू रागावलीस, असं रेणू म्हणली. अक्का, फोनमधला आवाज कानात सुईवानी घुसतो. तुझाही घुसतो. म्हणून हे पत्र.

मागच्या महिन्यात अप्पारावांच्या ऑर्केस्ट्रासोबत मंठ्याला एका लग्नात वाजवायला गेल्तो. कुणीतरी माईक स्पीकरसमोर नेला अन् स्पीकरनं अशी शिट्टी मारली की मी जागीच खाली बसलो. माझं डोकं स्पीकरला लागूनच होतं. तुला वाटेल, ऐकू कमी येत असंल. तसं न्हाई, आवाज सोसवतच न्हाई. ताटात चमचा पडला, कुकरची शिट्टी झाली, एसटीनं हॉर्न दिला की मी भिंतीला टेकतो. तुळजा हसली तरी. पाच वर्षांची पोरगी आता घरात कुजबुजत बोलते. तिला कुणी सांगितलं न्हाई, तिचं तिलाच कळलं.

संभाजीनगरला डॉक्टरला दाखवून आलो. कानात दिवसभर कापूस घालून बसू नका, त्यानं अजून बिघडंल, असं ते म्हणले. रोज मऊ, सोसंल असा आवाज थोडा थोडा कानाला द्या, हळूहळू सवय होईल. पण खात्री देत न्हाई. मला वाटलं, आवाज द्यायचाच तर माझ्या गिटारीचा द्यावा. अक्का, एक तार छेडली अन् ब्लेड मारल्यागत झालं. ॲम्प्लिफायर बंद ठेवून वाजवलं, तर ती नुसती पत्र्यासारखी किणकिणते. मी गिटार उचलून पलंगाखाली सारली.

मंग विचार करून राह्यलो. तारांखाली लोहचुंबक अन् तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, त्याला पिकअप म्हणतात. तार हलली की ते पकडतं अन् ॲम्प्लिफायरला देतं. गिटारीच्या मानेजवळ, दांडीच्या बाजूला असलेल्या पिकअपचा आवाज सगळ्यात जाड. जॅझ वाजवणारे तोच वापरतात, त्यांना टोक नसलेला, गोल आवाज लागतो. माझ्या गिटारीत मानेजवळ एका वेटोळ्याचा आहे, तो करकरीत बोलतो. तो बदलायचाय. पण कोणता घ्यावा? मोबाइलवर नमुने ऐकायचे तर मला ऐकवत न्हाईत. तू पुण्यात आहेस. दुकानात जा, ऐक, अन् आवाज कसा आहे ते मला लिहून कळव.

आबा म्हणतात, ते खोकं विकून टाक अन् मेंढरांमागं चल. मेंढरांच्या गळ्यात घंट्या आहेत, हे त्यांच्या ध्यानात येत न्हाई. अप्पाराव उन्हाळ्यातल्या लग्नाच्या तिथी सुरू होईपर्यंत माझ्यासाठी थांबतो म्हणलेत. त्याच्यापुढं मला काही दिसत न्हाई.

माया आहेच तुझी, ती कमी करू नको.
तुझा,
अंगद


हडपसर, पुणे
३० जानेवारी

चि. अंगद यास,
प्रेमलाचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि फोनवरून तुला किती बोलले ते आठवून तोंड धुऊन आले. पत्रात चुका किती रे तुझ्या, मास्तरांनी तुला वरच्या वर्गात घातलं कसं, हे मला अजून कोडं आहे.

दुकानात गेले होते. तिथं दुरुस्ती करणारा सूरज नावाचा मुलगा आहे. त्याला मी सरळ सांगितलं की मला गाण्यातलं काही कळत नाही, शाळेच्या स्वयंपाकघरात पातेली घासण्याचा आवाज तेवढा ओळखते. तो हसला नाही. तुझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच चाल तीन गिटारींवर, मानेजवळच्याच पिकअपवर वाजवून दाखवली. लिहिते ते नीट वाच.

पहिला दोन वेटोळ्यांचा, खूप तार गुंडाळलेला. आवाज जाड, अगदी घोंगड्यातून कुणी बोलावं तसा. टोचत नाही, पण सगळे सूर एकमेकांत कालवले जातात. दोन तारा एकदम वाजल्या की कोण काय म्हणतंय कळत नाही.

दुसरा एकाच वेटोळ्याचा, पण रुंद. हा मला फार आवडला. गूळ घातलेल्या दुधासारखा. पण तो वाजायचा थांबला की मागं ट्यूबलाइट गुणगुणते तसा आवाज राहतो. माझ्या कानाला चालला, तुझ्या कानाला रात्रंदिवस तेच ऐकू येत राहील याची मला भीती वाटली.

तिसराही दोन वेटोळ्यांचा, पण कमी गुंडाळलेला, चुंबक नरम, वर पत्र्याचं झाकण. याचं काय लिहू? आवाज पहिल्याइतका दांडगा नाही. पण एकेक सूर वेगळा, आणि कडेला धार नाही. आई पहाटे भाकरी थापायची ना, तो तव्याचा नाही, परातीतल्या पिठावरचा आवाज. तेवढा मऊ आणि तेवढाच स्पष्ट. सूरज म्हणाला, जॅझसाठी तो स्वतः हाच घेईल. जास्त गुंडाळलेला घेतला की लोकांना वाटतं गोडी वाढली, पण सुरांचं अक्षर पुसट होतं. तुझ्या गिटारीत तो बसवायचा तर लाकूड कोरावं लागेल, असंही सांगितलं.

मी तिसरा म्हणते. पण अंगद, माझे कान तुझे नाहीत. चुकले तर काय, या विचारानं हे पत्र टाकायला दोन दिवस लावले. तुझं म्हणणं कळव.

तुळजाला पापा. आणि आमच्यावरचा जीव आहे तसा असू दे.
तुझी,
अक्का


टेंभुर्णी
७ फेब्रुवारी

सौ. अक्कांस,
रेणूचा शि. सा. नमस्कार.

हे पत्र ह्यांना माहीत न्हाई. ह्यांना कळू देऊ नका.

तुमचं पत्र आलं, ते ह्यांनी वाचलं अन् घडी करून उशाखाली ठेवलं. उत्तर लिहा म्हणलं, तर म्हणले, कोणता बी आणला तरी तेच होणार. आता ते आमच्यात जेवायला बसत न्हाईत. ताटांचा आवाज होतो म्हणून गोठ्यात जाऊन पानावर भाकर खातात. मी सगळी स्टीलची भांडी माळ्यावर टाकली, तरी बसत न्हाईत. तुळजा दाराआडून बघती.

परवा सकाळी न सांगता गेले. दुपार झाली तरी आले न्हाईत म्हणून मी शोधत निघाले. विहिरीच्या काठावर बसले होते, पाय आत सोडून. अक्का, मी हाका मारल्या न्हाईत, हाक त्यांना सोसत न्हाई. हळूच जाऊन शेजारी बसले अन् हात धरला. तसंच हात धरून घरी आणलं.

डॉक्टरला परत दाखवायचं मी ठरवलंय, विहिरीचं बी सगळं सांगणार आहे. आबांना सांगितलंय. ते आता ह्यांना नजरेआड होऊ देत न्हाईत. पण तुम्ही तो तिसरा पाठवा. ह्यांच्या उत्तराची वाट बघू नका. चुकीचा निघाला तर निघाला. ह्यांच्या हातात काहीतरी यायला पायजे.

तुमच्या पायाशी जागा असू द्या.
तुमची,
रेणू


पुणे
१२ फेब्रुवारी

चि. अंगद यास, अनेक आशीर्वाद.

तुझ्या उत्तराची वाट बघायचा मला कंटाळा आला. लहानपणी चपला घ्यायला गेलो की तू दुकानात रडायचास आणि शेवटी मी निवडायची, तसंच समज. तिसरा पाठवला आहे. सोबत चपट्या गुंडाळीच्या तारा आहेत. त्यांच्यावर बोट सरकलं तरी कर्र होत नाही, असं सूरज म्हणाला. पिकअपच्या दोन्ही बाजूंना स्क्रू आहेत, बारीक तारांकडचा फिरवून ती बाजू खाली घेऊन बघ, म्हणजे त्या तारा दुरून बोलतील.

नाही जमलं तर नाही जमलं. वेगळा आणू, अजून एक आणू, दुकान मोठं आहे. फक्त मला लिहायचं बंद करू नको. डॉक्टरकडं रेणू म्हणेल तेव्हा जायचं. आणि शेतात एकट्यानं जात जाऊ नको.

मी शाळेत रजा टाकली आहे. पुढच्या आठवड्यात येते.

जीव लावतोस तो लावत राहा, एवढंच मागते.
अक्का


टेंभुर्णी
२ मार्च

ती. अक्कास,
अंगदचा सा. न. वि. वि.

तू येऊन गेलीस अन् चार दिवस तोंड मिटून माझ्याजवळ बसून राह्यलीस. तुझ्यासाठी ते किती अवघड, हे मला ठाऊक आहे. शेतात एकटा जाऊ नको असं लिहिलंस, तेव्हाच मला कळलं की रेणूनं तुला कळवलंय. तिच्यावर मी रागावलो न्हाई. डॉक्टरांसमोर तिनंच सांगितलं, मी नुसती मान हलवली. आता झोपेची गोळी आहे अन् दर पंधरवड्याला मनाच्या डॉक्टरांशी जाऊन बोलायचं आहे.

तू गेल्यावर राधेश्याम सुताराकडं गिटार नेली. त्याच्याकडं लाकूड कोरायचं यंत्र आहे, पण त्यानं ते लावलं न्हाई. पटाशीनं हातानं कोरत बसला, मला बाहेर लिंबाखाली बसवलं. वायरी मोबाइल दुरुस्तीवाल्यानं कथलाचा डाक देऊन जोडल्या.

पहिल्या दिवशी सगळं वाया गेलं. ॲम्प्लिफायर अगदी बारीक ठेवला, टोनचं बटण पूर्ण बंद केलं, अन् वरच्या सुराची बारीक तार छेडली तर परत ब्लेड. मी गिटार खाली ठेवली. कोपऱ्यात बसून रडलो, आबांसमोर. आबा उठून गेले न्हाईत.

दुसऱ्या दिवशी स्क्रू खाली घेतला. दुसरी तार सोसली, तिसरी सोसली, जाड तारा तर तू लिहिलंस तशाच, एकेक अक्षर वेगळं. पण ती पहिली, सगळ्यात बारीक तार काही केल्या सोसंना. मंग पक्कड घेतली अन् ती काढून टाकली. अक्का, सोळा वर्षं वाजवून राह्यलो, त्यात ह्याच तारेवर लोक टाळ्या देतात. ती गुंडाळून रेणूकडं दिली, अन् पाच तारांवर वाजवायला बसलो. हात सारखा रिकाम्या जागेवर जायचा. अवघड होतं, म्हणून हळू वाजवावं लागलं.

अप्पारावांना चिठ्ठी पाठवून दुसरा माणूस घ्यायला सांगितलं. वरातीला चकाकणारा आवाज लागतो, तो आता माझ्याकडून व्हायचा न्हाई. ते चिठ्ठी वाचून घरी आल्ते. दारात चपला काढून अनवाणी आत आले, पाऊल वाजू नये म्हणून. बराच वेळ बसले अन् गेले. ते गेल्यावर मला लई लागलं.

बरा झालो असं समजू नको. वाजवताना दुखत न्हाई, पण थांबल्यावर तासभर कानात शिट्टी चालू राहते. काल आबांनी तुळजाला मांडीवर घेऊन माझ्यासमोर आणून बसवलं. मी एक सूर वाजवला अन् तो विरेपर्यंत थांबलो. त्या थांबण्यात घरात काहीच वाजलं न्हाई, अन् आता काय वाजंल म्हणून शांततेची जी भीती वाटायची, ती पहिल्यांदाच वाटली न्हाई. मंग दुसरा सूर वाजवला.

आज परत बसणार आहे.

तुझी माया राहू दे, अन् उत्तर जल्दी टाक.
तुझा,
अंगद